बाबांच्या पंचाहत्तरीला 'बॉम्बे कँटीन': नव्या धर्तीचे जेवण आईवडिलांना मानवेल का?

सायली_डोंबिवली:

नमस्कार. येत्या महिन्यात माझ्या वडिलांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. शांत, होमहवन, हॉल, दोनशे पाने असा कोणताही घाट घालायचा नाही, असे त्यांनी आधीच बजावून ठेवले आहे. त्यामुळे आईबाबा, मी आणि धाकटा भाऊ अशा चौघांनीच एखाद्या चांगल्या ठिकाणी निवांत जेवावे, असा आमचा विचार चालू आहे. भावाने लोअर परळच्या कमला मिलच्या आवारातील 'द बॉम्बे कँटीन'चे नाव सुचवले आहे. तो तेथे कार्यालयातील सहकाऱ्यांबरोबर जेवून आला, आणि परत आल्यावर पदार्थांपेक्षा काकणभर अधिकच कौतुक त्याने वाढणाऱ्या मंडळींचे केले. एरवी हॉटेलातील माणसांकडे मान वर करूनही न पाहणारा हा मुलगा असे बोलला, म्हणूनच हे नाव आमच्या यादीत टिकून आहे.

माझी शंका पदार्थांच्या चवीबद्दल कमी आणि आईबाबांच्या संकोचाबद्दल अधिक आहे. त्यांचे बाहेरचे जेवण म्हणजे उडुप्याकडचा डोसा, आणि विशेष प्रसंगी एखादी थाळी. बाबा मासे आवडीने खातात, आई पूर्ण शाकाहारी आहे. ज्या ठिकाणी मेन्यू इंग्रजीत असतो आणि पदार्थांची नावे ओळखीची असूनही ताटात भलतेच काही येते, तेथे आई प्रश्न विचारत नाही. ती 'मला काहीही चालेल' असे म्हणते, सर्वांची मागणी सांगून झाल्यावर हळूच दहीभात मिळेल का ते विचारते, आणि मिळाला नाही की कोशिंबिरीवर भागवते. बाबांचा स्वभाव उलट आहे. न आवडलेली गोष्ट ते मोठ्याने बोलून दाखवतात आणि किंमतही मोठ्याने वाचतात.

आणखी एक गोष्ट आहे. बाबा १९८२ च्या संपापर्यंत परळ भागातील एका गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवत होते. त्यांची गिरणी कमला मिल नव्हे, पण तेथून चालत जाण्याइतक्या अंतरावरची. त्या आवारात आज काचेच्या इमारती आणि उपाहारगृहे आहेत, हे त्यांना ठाऊक आहे; मात्र कमला मिल म्हटले की त्यांना २०१७ च्या डिसेंबरातील आग आधी आठवते. (ती आग त्याच आवारातील दुसऱ्या दोन ठिकाणी लागली होती, हे मी त्यांना सांगितले आहे.) ज्या भागात ऐन तारुण्य घामात गेले, तेथेच मुलांनी हजारो रुपयांचे जेवण घालावे, याचा त्यांना आनंद होईल की आत कुठेतरी टोचेल, हे मला कळत नाही.

ज्यांनी घरातील ज्येष्ठांना अशा ठिकाणी नेले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. काय मागवावे, कसे मागवावे, आणि भाऊ सांगतो ती आपुलकी खरोखर असते की नियमित येणाऱ्या गिऱ्हाइकांपुरतीच असते?

माहीमचा_खवय्या:

सायलीताई, मी तेथे अनेकदा जेवलो आहे आणि माझ्या सासूबाईंनाही नेले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. प्रथम थोडी पार्श्वभूमी, कारण ती कळली की तेथील मेन्यू कळायला सोपा जातो.

हे उपाहारगृह २०१५ मध्ये समीर सेठ, यश भाणगे आणि शेफ फ्लॉइड कार्डोझ यांनी सुरू केले. कार्डोझ मूळचे गोमंतकीय कुटुंबातले, वाढले मुंबईत आणि नावारूपाला आले न्यूयॉर्कमध्ये. तेथे १९९८ मध्ये उपाहारगृह-व्यावसायिक डॅनी मायर यांच्या समूहाने उघडलेल्या 'तब्ला' या उपाहारगृहाचे ते शेफ होते; भारतीय मसाले आणि अमेरिकी शेतमाल यांचा मेळ घालणारे ते ठिकाण २०१० मध्ये बंद झाले. पुढच्याच वर्षी 'टॉप शेफ मास्टर्स' या अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्यांनी परीक्षकांपुढे चक्क अळंबी घातलेला उपमा ठेवला आणि ती स्पर्धा जिंकली. मार्च २०२० मध्ये कोविडने त्यांचे निधन झाले. बॉम्बे कँटीनचे स्वयंपाकघर सुरुवातीची काही वर्षे थॉमस झकरायस यांनी सांभाळले. ते देशभर हिंडून घराघरांतील आणि गावोगावचे पदार्थ पाहून येत आणि त्यांना मेन्यूवर स्थान देत. त्यांच्यानंतर ही धुरा हुसेन शहझाद यांच्याकडे आली.

उपम्याचा उल्लेख मुद्दाम केला. या स्वयंपाकघराची सगळी रीतच त्यात आली. पदार्थ आपल्या ओळखीचा असतो, त्याची मूळ चव जागेवर असते, पण त्याला बसवलेले रूप वेगळे असते. 'अरबी टुक' घ्या. सिंधी घरांत बटाटा किंवा अळकुडी एकदा तळून, तळहाताने दाबून चपटी करून पुन्हा कुरकुरीत तळतात, त्याला टुक म्हणतात. उल्हासनगरकडे ज्यांचे येणेजाणे आहे त्यांनी तो खाल्लेला असेल. येथे त्याच टुकावर दही आणि चटण्या घालून चाटेसारखा मांडलेला असतो. पातळ पापुद्रा दाताखाली फुटतो आणि आतली अळकुडी मऊ लागते. सासूबाईंनी पहिल्या घासानंतर विचारले ते इतकेच, की अळकुडीला खाज कशी राहिली नाही.

'एग्ज केजरीवाल' हा विलिंग्डन क्लबातला जुना मुंबईकर पदार्थ: पावाच्या भाजलेल्या तुकड्यावर चीज, हिरवी मिरची आणि वर तळलेले अंडे. तो बाबांसाठी चांगला. गोडात 'गुलाब नट' प्रसिद्ध आहे; गुलाबजाम आणि डोनट यांची ती सोयरीक आहे. मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: त्याच्या पाकात ओल्ड मंक रम असते. आईंना चालणार नसेल तर मागवण्यापूर्वी विचारा, नाहीतर अर्धा खाऊन झाल्यावर घरी महाभारत घडेल. मेन्यू हंगामाप्रमाणे बदलत असल्यामुळे मी नावे घेतलेले पदार्थ त्या दिवशी असतीलच असे नाही; बाजारात जे उत्तम आहे ते वापरण्यावर तेथे भर असतो आणि भाज्यांना दुय्यम लेखले जात नाही. शाकाहारी माणसाला पनीरच्या दोन पदार्थांत गुंडाळून टाकणाऱ्या ठिकाणांचा ज्यांना वीट आला आहे, त्यांना हा फरक लगेच जाणवतो.

मागवण्याविषयी माझा सल्ला असा आहे की पदार्थ मधोमध ठेवून वाटून खायचे असतात, हे आईबाबांना घरीच सांगून ठेवावे. आपल्याकडे प्रत्येकाचे ताट वेगळे असते. समोर रिकामी बशी आणि मध्ये चार लहान पदार्थ असे दृश्य पाहून ज्येष्ठ मंडळी 'आधी तुम्ही घ्या' करत बसतात आणि सगळे निवते. पहिल्यांदा तुम्हीच त्यांना वाढा. आधी तीन-चार लहान पदार्थ मागवावेत, ते संपत आले की मोठ्यांपैकी दोन. सगळे एकदम सांगू नये.

भाऊ सांगतात त्या आपुलकीचे म्हणाल, तर माझा अनुभव सरसकट 'अप्रतिम' असा नाही. शनिवारी रात्री तेथे इतका गलका असतो की वाढणाऱ्याचे बोलणे कानावर पोचत नाही, मग आपुलकी असली काय आणि नसली काय. आठवड्यातील एखाद्या दुपारी मात्र तेच लोक टेबलापाशी थांबतात, विचारपूस करतात, आणि हे सर्व नियमित गिऱ्हाइकांपुरते नसते. सासूबाईंना घेऊन गेलो तेव्हा मला तेथे नावाने ओळखणारे कोणी नव्हते. वाढणारा मुलगा दापोलीकडचा निघाला, सासूबाई गुहागरच्या. त्याने त्यांना 'मॅडम' म्हणणे सोडून 'काकू' म्हणायला सुरुवात केली आणि प्रत्येक पदार्थ ठेवताना त्यात काय आहे ते मराठीतून सांगितले. माझ्याशी तो शेवटपर्यंत इंग्रजीतच बोलत राहिला, हे वेगळे.

वरणभात_लिंबू:

वरील प्रतिसाद वाचून मलाही भूक लागली, हे खरे असले तरी दुसरी बाजू मांडणे आवश्यक वाटते. या विशिष्ट ठिकाणाविषयी मी बोलत नाही, कारण मी तेथे गेलेलो नाही. परंतु 'कल्पक' म्हणवणाऱ्या उपाहारगृहांची जी लाट सध्या शहरात आली आहे, तिच्यात आईवडिलांना नेण्याआधी दहा वेळा विचार करावा, असे माझे मत आहे.

पश्चिम उपनगरातील अशाच एका ठिकाणी आम्ही वहिनींच्या पन्नाशीनिमित्त गेलो होतो. थालीपीठ म्हणून जे आले ते रुपयाच्या नाण्याएवढे होते आणि लोण्याच्या जागी पांढरा फेस होता. त्या फेसाविषयी वाढणाऱ्याने पाठ केलेले भाषण आम्ही जेवण थांबवून ऐकले. मधेच दादांनी काही विचारले, तर त्याला ते भाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागले. दीड तास झाल्यावर पुढचे पाहुणे वाट पाहत आहेत, असे आम्हाला हसतमुखाने सांगण्यात आले. हसू जागेवर होते आणि शब्दही गोड होते, पण आमच्या घरी त्यानंतर कोणी त्या जेवणाचा विषय काढत नाही.

प्रश्न किमतीचाही आहे. मद्य न घेता चौघांचे बिल अशा ठिकाणी काही हजारांत जाते. तेवढ्या पैशात उत्तम मासळी आणून, शेजारच्या काकूंकडून पुरणपोळ्या करून घेऊन, घरीच पंगत का करू नये? ज्या माणसाने संपात नोकरी गमावली, त्याला बिलाचा आकडा पाहून घास गोड लागेल का, याचा विचार सायलीताईंनी अवश्य करावा.

लालबागचा_जुना_भाडेकरू:

वरणभात यांनी शेवटी मांडलेला प्रश्न योग्य आहे, पण त्याचे उत्तर त्यांनीच परस्पर देऊन टाकले आहे. गिरणी कामगार म्हणजे पैशाकडे बघून हळहळणारा माणूस, अशी समजूत ज्यांनी ते दिवस लांबून पाहिले त्यांची असते. माझे चुलते साचे खात्यातच होते. पगाराच्या दिवशी मित्रांना घेऊन चांगलेचुंगले खाण्यात त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही.

शिवाय चांगल्या आतिथ्याची पारख या पिढीला आपल्यापेक्षा जास्त आहे, कारण ती खानावळीत वाढली. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले हजारो कामगार गिरणगावातील बायकांच्या घरी महिन्याच्या बोलीवर जेवत. त्या खानावळवाल्यांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, यावरून त्यांची संख्या आणि त्यांचे महत्त्व ध्यानात यावे. आमच्या चाळीत खानावळ चालवणाऱ्या मावशींना कोण गुरुवारी मासळी खात नाही, कोणाची रातपाळी आहे म्हणून त्याचा डबा झाकून ठेवायचा, कोणाला ताप आहे म्हणून त्याच्यासाठी पेज करायची, हे सगळे तोंडपाठ होते. पैसे थकले तरी त्या ताट मागे घेत नसत. बाबांनी असे जेवण वर्षानुवर्षे जेवलेले असेल, तर वाढणाऱ्याने खरोखर लक्ष दिले की नुसता पाठ म्हटला, हे त्यांना तुमच्याआधी कळेल.

जागेविषयी मात्र सावध राहा. माझ्या चुलत्यांना त्या आवारांत जेवण कधी खटकले नाही; त्यांना खटकली ती जतन करून दिव्यांनी सजवलेली गिरणीची चिमणी, म्हणजे धुराडे. तिच्याकडे पाठ करून बसले आणि जेवले. तुमचे बाबा कसे आहेत ते तुम्हीच जाणता. त्यांना सरळ विचारावे, गुपित ठेवून एकदम तेथे नेऊन उभे करू नये. नको म्हणाले तर याच मंडळींचे 'ओ पेद्रो' हे गोमंतकीय आणि पोर्तुगीज धाटणीचे ठिकाण वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. मासे खाणाऱ्या माणसाला ते आवडेल आणि तेथे गिरणीची आठवण निघणार नाही.

पंगत_वाढपी:

मी गेली अनेक वर्षे याच व्यवसायात आहे. स्ट्युअर्ड, म्हणजे वाढपी, म्हणून सुरुवात केली, आता कॅप्टन, म्हणजे वाढप्यांचा प्रमुख, आहे. बॉम्बे कँटीनमध्ये मी काम केलेले नाही, त्यामुळे त्यांच्या आतील पद्धतीविषयी काही सांगणार नाही. परंतु 'ही आपुलकी खरी असते का' या प्रश्नाला बाहेरून उत्तर देणे अवघड आहे आणि आतून सोपे, म्हणून लिहितो.

वरच्या प्रतिसादात डॅनी मायर यांचे नाव आले आहे. या गृहस्थांनी १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'युनियन स्क्वेअर कॅफे' उघडले आणि परिसरातील लोकांनी पुनःपुन्हा यावे असे ठिकाण चालवायचे तर काय लागते, याचा त्यांनी मोठा विचार केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की पदार्थ वेळेवर, योग्य तापमानाला, योग्य माणसासमोर जाणे ही झाली सेवा. आणि ते सर्व होत असताना पाहुण्याला काय वाटले, ते आतिथ्य. माणसे घेताना ते हातातील कौशल्याला एकोणपन्नास टक्के आणि स्वभावाला एक्कावन्न टक्के वजन देतात. ट्रे धरायला महिन्याभरात शिकवता येते. समोरचा संकोचला आहे हे ओळखायला शिकवणे फार कठीण असते, हे मी नव्या मुलांना शिकवताना रोज पाहतो.

पण स्वभाव असून भागत नाही. पाहुण्याला जे आपसूक घडल्यासारखे वाटते, त्याची तयारी तो येण्याच्या आधी झालेली असते. चांगल्या ठिकाणी दुपारचे आणि रात्रीचे दार उघडण्यापूर्वी ब्रीफिंग असते. सगळे ओळीत उभे राहतात, शेफ आज कोणती मासळी आली आणि कोणता पदार्थ कमी आहे ते सांगतात, आणि नवीन पदार्थ असेल तर प्रत्येकाला चमचाभर चाखायला देतात. वरणभात यांना ज्याने फेसाचे भाषण ऐकवले, त्या मुलाला तो पदार्थ कोणी चाखायला दिला नसणार, अशी माझी खात्री आहे. ज्याने खाल्ले आहे तो 'आंबट आहे, पण तिखट नाही' असे सांगतो. ज्याने नुसते पाठ केले आहे तो घटकांची यादी सांगतो. आमच्याकडे मी मुलांना सांगून ठेवले आहे की पहिल्या वाक्यात पदार्थ कशाचा आहे ते सांगा, दुसऱ्यात चव कशी आहे ते, आणि तिसरे वाक्य पाहुण्याने विचारले तरच बोला.

त्याच ब्रीफिंगमध्ये आरक्षणाचा कागद वाचला जातो. 'टेबल सात, चार कव्हर (म्हणजे चार पाहुणे), ज्येष्ठ नागरिक, एक शाकाहारी' एवढे लिहिलेले असले तरी पुष्कळ गोष्टी बदलतात. त्यांना स्पीकरखाली आणि एसीच्या झोताखाली बसवले जात नाही, उंच स्टुलांच्या टेबलावर पाठवले जात नाही, आणि त्या सेक्शनवर त्यांच्या भाषेत बोलणारा मुलगा असेल तर त्याला उभे केले जाते. माहीमच्या खवय्यांना भेटलेला दापोलीचा मुलगा योगायोगाने तेथे होता की कोणीतरी विचार करून त्याला तेथे धाडले होते, हे मला माहीत नाही. आमच्याकडे असते तर धाडले असते.

आता तुमच्या आईंविषयी. 'मला काहीही चालेल' हे वाक्य आम्ही दिवसातून कितीतरी वेळा ऐकतो. त्याचा खरा अर्थ बहुतेक वेळा 'मला मेन्यू वाचता आला नाही' किंवा 'किंमत पाहून मागवायची भीती वाटते' असा असतो. कसलेला स्ट्युअर्ड अशा वेळी मेन्यू पुढे करत नाही. तो टेबलाच्या उंचीपर्यंत थोडा वाकतो आणि दोनच पर्याय विचारतो: कुरकुरीत आवडेल की रसातले, तिखट की सौम्य. एवढ्यावर तो एक पदार्थ सुचवतो, आणि पहिले दोन घास झाले की परत येतो. हे परत येणे सर्वांत महत्त्वाचे. 'सगळे ठीक ना?' असे सगळ्या टेबलाला उद्देशून विचारले की सगळे मान डोलावतात. त्याने आईंच्या ताटाकडे पाहिले पाहिजे. पदार्थ बाजूला सारलेला दिसला तर न विचारता दुसरे काही आणण्याची मुभा त्याला असली पाहिजे, आणि ही मुभा वरून दिलेली नसेल तर बिचारा पाहूनही न पाहिल्यासारखे करतो.

आणखी दोन खुणा सांगतो. ज्येष्ठ हळू जेवतात. एकाची बशी रिकामी झाली म्हणून लगेच उचलली की उरलेल्यांना घाई होते, म्हणून चौघांचे होईपर्यंत बश्या हलवायच्या नसतात. दुसरी खूण मागणी घेताना दिसते. तुम्ही सहा पदार्थ सांगितले आणि समोरचा म्हणाला, 'आधी चार घ्या, लागले तर पुढचे सांगू', तर त्या ठिकाणी निर्धास्त बसावे. आपल्या पंगतीतला आग्रह वेगळा, तो वाढणाऱ्याच्या खिशातून होतो. हॉटेलातला आग्रह पाहुण्याच्या खिशातून होतो, आणि तो कमी करणारा माणूस मालकाला परवडतो तो पाहुणा पुन्हा आला तरच.

हे सर्वत्र का होत नाही, तर आमच्याकडे बहुतेकांना ब्रेक शिफ्ट असते: सकाळी अकरा ते साडेतीन, पुन्हा सहापासून रात्री बारापर्यंत, मधले अडीच तास कोठे काढायचे ते ज्याचे त्याने बघावे, आणि मग शेवटची कर्जत लोकल. सहा महिन्यांत मुलगा दुसरीकडे जातो. ज्या ठिकाणी तीच माणसे वर्षानुवर्षे दिसतात, तेथे जेवायला जावे; मी स्वतः ठिकाण निवडताना एवढेच पाहतो.

सायली_डोंबिवली:

सर्वांचे मनापासून आभार. लालबागच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे मी बाबांना आज सरळ विचारले. थोडा वेळ गप्प बसून त्यांनी, तेथे आता कोणकोणत्या गिरण्यांची नावे टिकून आहेत, एवढेच विचारले, आणि मग जाऊ म्हणाले. मासे कोणते मिळतील, याची चौकशी मात्र त्यांनी लगेच केली.

आता दोन नव्या अडचणी आहेत. वाढदिवसाची तारीख नेमकी संकष्टीला आली आहे. आईचा उपवास चंद्रोदयानंतर सुटतो, म्हणजे रात्रीचे नऊ वाजून जाणार, आणि त्या दिवशी ती कांदा-लसूणही खात नाही. दुसरे म्हणजे, बिलात सेवाशुल्क लावलेले दिसले की बाबा वाद घालतात. त्याविषयी सध्या नियम काय आहे, ते कोणी सांगेल का?

ग्राहक_जागा_हो:

सेवाशुल्काविषयी सांगतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार उपाहारगृहाला बिलात सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या कोणत्याही नावाने ते वसूल करता येत नाही, ते देणे ऐच्छिक आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते, आणि ते न देणाऱ्याला प्रवेश नाकारता येत नाही. उपाहारगृहांच्या दोन राष्ट्रीय संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळून ही तत्त्वे कायम ठेवली. तरीही शुल्क लावलेले दिसले तर ते काढून टाकण्यास शांतपणे सांगावे. काढले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

जीएसटी ही वेगळी गोष्ट आहे, तो द्यावाच लागतो. अशा स्वतंत्र उपाहारगृहांत खाद्यपदार्थांवर तो ५ टक्के असतो. मद्यावर जीएसटी नसून राज्याचा व्हॅट लागतो, त्यामुळे बिलात दोन वेगळे कर दिसले तर फसवणूक झाली असे समजू नये.

सेवा आवडली तर टीप अवश्य द्यावी, आणि शक्यतो ज्याने वाढले त्याच्या हातात द्यावी. ज्या मायर यांचा वर उल्लेख झाला, त्यांनी २०१५ पासून आपल्या उपाहारगृहांतून टीप बंद करून पदार्थांच्या किमतीतच मोबदला धरण्याचा प्रयोग केला होता. २०२० मध्ये त्यांना तो मागे घ्यावा लागला. यावर तोडगा अमेरिकेतही निघालेला नाही, तर आपल्या बाबांनी टेबलावर वाद घालून तो निघणार नाही, असे त्यांना माझ्या वतीने सांगावे.

पंगत_वाढपी:

संकष्टीच्या रात्री जाऊ नका, असे मी स्पष्टच सांगतो. कांदा-लसूण नको हे टेबलावर बसल्यावर सांगितले, तर स्वयंपाकघर मनात असूनही फारसे काही करू शकत नाही. रस्से, वाटणे आणि मसाले दुपारीच तयार करून ठेवलेले असतात आणि त्यांत कांदा-लसूण आधीच पडलेला असतो. केओटीवर, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या मागणीच्या चिठ्ठीवर, 'नो ओनियन, नो गार्लिक' लिहिले तरी शेफच्या हाती दोन-तीनच पदार्थ उरतात. शिवाय रात्री साडेनऊला स्वयंपाकघरावर सर्वाधिक ताण असतो. दिवसभर उपाशी असलेल्या माणसाला त्या वेळी पहिल्या पदार्थाची वाट पाहायला लावणे बरे नाही.

त्याऐवजी संकष्टीला घरी मोदक करा आणि दुसऱ्या दिवशी, किंवा त्या आठवड्यातील कोणत्याही कामाच्या दिवशी, दुपारी साडेबाराचे टेबल घ्या. त्या वेळी गलका कमी असतो, उजेड असतो, मेन्यू वाचता येतो आणि नव्या पाहुण्यांसाठी टेबल रिकामे करण्याची घाई कोणाला नसते. डोंबिवलीहून येताना कार्यालयांची गर्दीही ओसरलेली असेल. परळला उतरून पुढे टॅक्सी करा. बाबांना पुलाचे जिने चढायला लावू नका.

आरक्षण संकेतस्थळावरून केले तरी एक फोन अवश्य करा, आणि तो सकाळी अकराच्या आत किंवा दुपारी चारनंतर करा, म्हणजे उचलणाऱ्याला लिहून घ्यायला सवड असते. वडिलांची पंचाहत्तरी आहे, केक किंवा गाणे नको (त्यांना आवडत असेल तर हवे, असे सांगा), आई शाकाहारी आहेत आणि गोडात मद्य चालणार नाही, दोघेही ज्येष्ठ असल्यामुळे पाठ टेकता येईल अशा खुर्च्या आणि स्पीकरपासून दूर जागा हवी, आणि शक्य झाल्यास मराठी बोलणारा स्ट्युअर्ड द्यावा, एवढे त्यांना नोंदवून घ्यायला सांगा. त्या दिवशी कोणती मासळी येण्याची शक्यता आहे तेही त्याच फोनवर विचारा. नक्की उत्तर सकाळची मासळी आल्याशिवाय कोणी देणार नाही, पण प्रश्न कागदावर आला की ब्रीफिंगमध्ये तो वाचला जातो.

पोहोचल्यावर दाराशी आरक्षण आईंच्या नावाने आहे असे सांगा. कागदावर ज्याचे नाव असते, त्याला वाढणारा आपोआप आधी विचारतो.